सुई उचलू नका : डीप पर्पलचा ‘मशीन हेड’

काही वर्षांपूर्वी पुण्याच्या जुन्या बाजारात मला डीप पर्पल या इंग्लिश रॉक गटाच्या ‘मशीन हेड’ या अल्बमची एक वापरलेली तबकडी मिळाली. घरी आणून ती दिव्याखाली तिरपी धरली, तेव्हा आधीच्या मालकाची आवड त्या काळ्या चकतीवरच वाचता आली. पहिली बाजू जवळजवळ कोरी होती. दुसऱ्या बाजूच्या अगदी कडेचा, जेमतेम दोन-तीन दोरे रुंदीचा पट्टा मात्र घासून घासून राखाडी पडला होता. ‘स्मोक ऑन द वॉटर’ हे गाणे तिथे सुरू होते. गृहस्थ वर्षानुवर्षे सुई तिथेच टेकवत असणार आणि मिनिटभराने उचलतही असणार, कारण त्याच गाण्याचा पुढचा भाग पुन्हा चांगला काळाभोर होता.

या अल्बमच्या वाट्याला जगभर हेच आले आहे. गिटारच्या शिकवणीला जाणारा मुलगा पहिल्या आठवड्यात हीच धून तारांवर शोधतो आणि वाद्यांच्या दुकानांतले विक्रेते ती ऐकून ऐकून कावलेले असतात. ज्याने डीप पर्पलचे नावही ऐकलेले नाही, तोसुद्धा ती गुणगुणू शकतो. एका धुनेने आख्खा अल्बम गिळून टाकला आहे. वास्तविक सात गाण्यांची ही सुमारे सदतीस मिनिटे म्हणजे सत्तरच्या दशकातील हार्ड रॉकमधला सर्वांत बांधेसूद ऐवज आहे, असे माझे मत आहे. त्याचा खरा जीव त्या धुनेत नाही. तो गिटार आणि ऑर्गन या दोन वाद्यांच्या तोडीस तोड चालणाऱ्या झटापटीत आहे.

अल्बम कसा घडला हे समजून घेणे इथे आवश्यक आहे, कारण ती हकीकत नुसती रंजक नाही, ती ध्वनिमुद्रणात कानांना ऐकू येते. १९७१च्या अखेरीस गटात गायक इयन गिलन, गिटारवादक रिची ब्लॅकमोर, ऑर्गनवादक जॉन लॉर्ड, बास गिटारवर रॉजर ग्लोव्हर आणि ड्रम्सवर इयन पेस असे पाच जण होते. १९७०च्या ‘इन रॉक’ने त्यांना नाव मिळवून दिले होते. १९७१चा ‘फायरबॉल’ दौऱ्यांच्या धावपळीत, मिळेल त्या सवडीने तुकड्यातुकड्यांनी मुद्रित झाला होता आणि त्यात रंगमंचावरची धग उतरली नाही, अशी खंत खुद्द वादकांनाच होती. म्हणून पुढचा अल्बम स्टुडिओच्या बंद पेटीत न करता एखाद्या मोकळ्या सभागृहात, मैफलीत वाजवावे तसे वाजवून करायचा, असे त्यांनी ठरवले. इंग्लंडमधील जबर करांमुळे परदेशात ध्वनिमुद्रण करणे सोयीचे होते, हेही एक कारण होतेच. जिनिव्हा सरोवराच्या काठचे माँत्रो हे स्विस गाव आणि तिथल्या कॅसिनोचे सभागृह निश्चित झाले. ध्वनिमुद्रणासाठी रोलिंग स्टोन्स या गटाच्या मालकीचा, चाकांवरचा स्टुडिओ असलेला ट्रक भाड्याने आणला गेला.

४ डिसेंबर १९७१ रोजी, म्हणजे काम सुरू होण्याच्या तोंडावर, त्या सभागृहात अमेरिकी रॉक संगीतकार फ्रँक झापा आणि त्याच्या ‘मदर्स’ या गटाची मैफल होती. श्रोत्यांपैकी कोणीतरी इशाऱ्याच्या, म्हणजे पेटता गोळा सोडणाऱ्या, पिस्तुलातून छताच्या दिशेने बार काढला, छताने पेट घेतला आणि बघता बघता सगळा कॅसिनो जळून गेला. माँत्रोच्या जाझ महोत्सवाचे संचालक क्लोद नोब्स यांनी स्वतः आत धावून लोकांना बाहेर काढले, आणि सुदैवाने कोणाचा जीव गेला नाही. पर्पलचे वादक आधी त्या मैफलीतच होते. नंतर त्यांनी सरोवराच्या पाण्यावर पसरत जाणारा धूर पाहिला. पुढे एका सकाळी अर्धवट झोपेतून जागे होताना ग्लोव्हरच्या तोंडून ‘स्मोक ऑन द वॉटर’ हे शब्द बाहेर पडले, असे तो सांगतो.

आता जागा नव्हती आणि ट्रकचे भाडे चढत होते. नोब्स यांनी गावातले पॅव्हिलियन नावाचे एक नाट्यगृह मिळवून दिले. तिथे ब्लॅकमोरने आणलेल्या एका धुनेवर गट रात्री वाजवू लागला, तेव्हा शेजाऱ्यांची झोपमोड होऊन पोलीस दारात आले. आत वाद्यांची बाजू मुद्रित होत होती आणि बाहेर गटाची माणसे दार दाबून उभी होती. तेवढे एक मुद्रण पदरात पडले आणि तिथला मुक्काम हलवावा लागला. ते मुद्रण म्हणजेच पुढे ‘स्मोक ऑन द वॉटर’ झालेले गाणे. पोलिसांना आणखी पाच मिनिटे आधी जाग आली असती तर काय झाले असते, याचा विचार न केलेला बरा.

अखेर हिवाळ्यामुळे बंद असलेले ग्रँड हॉटेल भाड्याने मिळाले. तिथल्या एका बोळवजा मार्गिकेत, गाद्या उभ्या करून आवाज अडवत, २१ डिसेंबरपर्यंत बाकीचे सगळे काम उरकले गेले. यातली एक गंमत मला फार महत्त्वाची वाटते. वाजवण्याची जागा आत आणि ट्रक बाहेर असल्यामुळे मुद्रित झालेले ऐकायचे तर खोल्यांमधून, बाल्कन्यांमधून वळसे घालत, डिसेंबरच्या थंडीत बाहेर जावे लागे. दोन-चार फेऱ्यांनंतर वादक कंटाळले आणि त्यांनी परत ऐकणेच सोडून दिले. ध्वनिमुद्रक मार्टिन बर्च बरोबर आहे म्हणाला, की पुढचे गाणे. स्टुडिओत बसून एकेक सूर घोटत राहण्याचा मोह असा आपोआप टळला. अल्बममध्ये जी सलगता आहे, पाच जण एकमेकांकडे बघत वाजवत असल्याची जी जाणीव सतत होते, तिचे निम्मे श्रेय मी त्या गैरसोयीच्या वाटेला देईन. उरलेले निम्मे बर्चचे. गाद्यांनी वेढलेल्या जागेतले पेसचे ड्रम्स कोरडे, नेटके आणि अगदी कानाशी वाजल्यासारखे येतात. त्यांच्यावर कृत्रिम घुमाऱ्याचा मुलामा नाही.

पहिल्या बाजूची सुरुवात ‘हायवे स्टार’ने होते आणि माझ्या मते अल्बमचे शिखरही तेच आहे. या गाण्याचा जन्म १९७१ मध्ये पोर्ट्समथला जाणाऱ्या बसमध्ये झाला. गाणी कशी बांधता, असे एका पत्रकाराने विचारले, तेव्हा ब्लॅकमोरने हातातली गिटार अशीच एका स्वरावर धडधडवत ठेवली आणि गिलनने त्यावर सुचतील ते शब्द म्हटले. त्यातून त्याच संध्याकाळी मंचावर वाजवता येईल इतके गाणे तयार झाले. अल्बममधले रूप ऐकताना पहिले अर्धे मिनिट विशेष लक्ष देऊन ऐकावे. बास आणि गिटार एकाच ठेक्यावर नुसती थरथरत राहतात, इंजिन सुरू करून गाडी जागच्या जागी उभी ठेवावी तशी. वरून ऑर्गन दाब वाढवत नेतो आणि गिलनचा आवाज खालून एका सरळ रेषेत चढत किंकाळीपर्यंत पोचतो. मग ड्रम्सचा एक तडाखा, आणि गाडी सुटते.

दुसऱ्या कडव्यानंतर आधी लॉर्डचा ऑर्गन एकट्याने वाजतो. गिटारच्या गटात ऑर्गनवाल्याला पहिला मान मिळावा, यातच या गटाचा वेगळेपणा आहे. त्याच्या स्वरक्रमात बाखची, म्हणजे युरोपातल्या अभिजात संगीताची सावली स्पष्ट दिसते. लॉर्ड त्याच परंपरेत शिकलेला होता. पुढच्या कडव्यानंतर ब्लॅकमोरची पाळी येते. तो एरवी मनाला येईल तसे वाजवणारा माणूस, पण हा तुकडा त्याने आधी बसून, स्वर जुळवून, पाठ करून वाजवला, आणि नंतर त्यावर जोडसुरांचा दुसरा थर चढवला. रचून ठेवलेला सोलो, म्हणजे एकल तुकडा, बहुधा कृत्रिम वाटतो. इथे उलटे होते. गाण्याचा वेग एवढा आहे, की ऐन वेळी सुचलेले काहीही त्यात विस्कटून गेले असते. आधीपासून घडवलेली ती जलद, दुहेरी, गोल गोल फिरत वर जाणारी सुरावट मात्र एखाद्या पक्क्या बांधणीच्या जिन्यासारखी उभी राहते. गाण्याचे शब्द म्हणजे माझी गाडी, माझी मैत्रीण आणि माझा वेग, यापलीकडे काही नाही. त्यांच्याकडे दुर्लक्ष केल्याने नुकसान होत नाही.

‘मेबी आय ॲम अ लिओ’ हे त्यानंतर मुद्दाम संथ ठेवलेले गाणे आहे. त्याची धून समेवर सुरू होत नाही, सम सोडून पुढे पडते, आणि तरी पेसचा ठेका जराही हलत नाही. ताल अंगात मुरलेल्या आपल्याकडच्या श्रोत्याला ही गंमत चटकन कळेल. ‘पिक्चर्स ऑफ होम’ हे मात्र या अल्बममधले उपेक्षित रत्न आहे. पेसच्या ड्रम्सने उघडणारे, डोंगर, बर्फ आणि एकाकीपणा यांविषयीचे हे गाणे हिवाळ्यातल्या त्या ओस हॉटेलमध्ये, खिडकीबाहेर आल्प्स दिसत असताना झाले, हे लक्षात ठेवून ऐकले तर अंगावर शिरशिरी येते. एरवी मागे राहून सगळ्यांना सावरून घेणाऱ्या ग्लोव्हरला इथे स्वतंत्र बास सोलो दिला आहे. तो छोटा आहे, दिखाऊ नाही, आणि खाली बासचा स्वर सुटा झाल्यावर बाकीची वाद्ये कशी त्याच्या आधाराने उभी होती हे एकदम उमगते. माझ्या तबकडीवर हा भाग जवळजवळ अस्पर्शित होता. आधीच्या मालकांचे मला खरोखर वाईट वाटले.

‘नेव्हर बिफोर’विषयी फार लिहिण्याची गरज नाही. गटाला आणि त्यांच्या कंपनीला ते लोकप्रिय होईल असे वाटले, म्हणून अल्बममधून पहिले तेच सुटे गाणे म्हणून बाजारात आले आणि इंग्लंडच्या लोकप्रियतेच्या यादीत ३५व्या क्रमांकाच्या वर गेले नाही. वाईट नाही, पण चार मिनिटांत आवडून घेण्याची त्याची धडपड दिसते, आणि बाकी अल्बममध्ये तशी धडपड कुठेच नाही.

आता दुसऱ्या बाजूचा तो राखाडी पट्टा. ‘स्मोक ऑन द वॉटर’ची धून अवघ्या चार वेगवेगळ्या स्वरांची आहे. ती सोपी आहे म्हणून कोणालाही वाजवता येते, असा समज आहे. ती नीट वाजवणारे थोडे आहेत. बहुतेक शिकाऊ मुले ती एका तारेवर एकेरी वाजवतात किंवा प्रत्येक स्वराबरोबर त्याचा पंचम लावून जाड करतात. ब्लॅकमोर मात्र दोन तारा एकदम बोटांनी छेडतो, पिकने म्हणजे तारा छेडायच्या छोट्या पातळ तुकड्याने नव्हे, आणि त्या दोन स्वरांत आपल्या भाषेत बोलायचे तर षड्ज-मध्यम संवाद आहे. त्यामुळे धुनेला एक पोकळ, भारदस्त, काहीसा जुनाट गंभीरपणा येतो. दोन्ही तारा एकाच क्षणी बोलतात, पिकने एकीनंतर दुसरी घासली जाते तशी खरखर होत नाही. एकदा हा फरक कळला, की शिकवणीच्या वर्गातून ऐकू येणारे रूप आणि मूळ रूप ही दोन वेगळी गाणी वाटू लागतात.

आणि तरीही धून ही या गाण्यातली सर्वांत चांगली गोष्ट नाही; गाण्याचा प्रवेश ही आहे. आधी गिटार एकटी. मग पेसची हाय-हॅट, झांजेचा तो कुजबुजता ठेका, आणि ऑर्गनचा खरखरीत भरणा. मग ड्रम्स. सगळ्यांत शेवटी ग्लोव्हरचा बास, आणि तो धुनेमागे धावत नाही. मुख्यतः एकाच स्वरावर ठाम धडधडत राहतो. त्या क्षणी गाण्याच्या पायाखाली जमीन येते. तबकडीच्या आधीच्या मालकांनी सुई बहुधा याच सुमारास उचलली असावी, आणि त्यापुढचे शब्द गमावले असावेत. ते शब्द म्हणजे घडलेल्या प्रसंगाची सरळ बातमी आहे: गावाचे नाव, झापाची मैफल, इशाऱ्याचे पिस्तूल, लोकांना बाहेर काढणारा क्लोद, आणि शेवटी मिळालेले थंडगार, रिकामे हॉटेल. उपमा नाहीत, कल्पनाविलास नाही. रॉकच्या गाण्यात इतका कोरडा, वार्ताहराच्या थाटाचा मजकूर क्वचित सापडतो. अमेरिकेत हे सुटे गाणे म्हणून यायला १९७३ उजाडावे लागले, आणि तिथल्या यादीत ते थेट चौथ्या क्रमांकापर्यंत गेले. त्याच वर्षी गिलन आणि ग्लोव्हर गटातून बाहेर पडले.

‘लेझी’ सात मिनिटांचे आहे आणि गायनासाठी आलेल्या श्रोत्याची परीक्षा पाहणारे आहे, कारण पहिली चार मिनिटे तरी गिलन तोंड उघडत नाही. सुरुवातीला लॉर्ड एकटाच. त्याच्या वादनाचे मर्म इथे उघडे पडते: हॅमंड या विजेवर चालणाऱ्या ऑर्गनचा आवाज तो गिटारसाठी बनवलेल्या मार्शल ॲम्प्लिफायरमधून सोडत असे. चर्चमध्ये किंवा जाझच्या मैफलीत शोभणारे हे वाद्य त्यामुळे गुरगुरायला, फाटायला, ओरखडे काढायला लागते. गिटारच्या आवाजाखाली दबून जायचे नसेल तर तिच्याच हत्याराने लढावे, असा हा साधा हिशेब होता. त्यानंतर ब्लूजच्या लयीत झुलणारी धून येते आणि ब्लॅकमोर व लॉर्ड एकमेकांना वाक्ये टाकत, उचलत, जरा खोडी काढत पुढे जातात. सवाल-जवाब म्हणावे तर तसे. पण इथे कोणी कोणाला हरवण्याच्या ईर्ष्येला पेटलेला नाही. मधूनच गिलनचा माउथ ऑर्गन येतो. पेसच्या हातातला जाझचा संस्कार या गाण्यात सर्वांत मोकळा दिसतो. मला एखाद्या नवख्या श्रोत्याला या गटाचे एकच गाणे ऐकवायचे असेल, तर मी ‘लेझी’ लावीन.

‘स्पेस ट्रकिन’ने अल्बम संपतो. अंतराळात ट्रक हाकत फिरण्याची ही थट्टा आहे. शब्द वाह्यात आहेत आणि तसेच असावेत. मंचावर या गाण्याला वीस-वीस मिनिटांची शेपटी फुटत असे, आणि ऑगस्ट १९७२ मध्ये ओसाका व टोकियो इथे मुद्रित झालेल्या ‘मेड इन जपान’वर ती ऐकता येते. इथले साडेचार मिनिटांचे, किंकाळ्यांनी संपणारे आटोपशीर रूप मला अधिक आवडते. ‘हायवे स्टार’बाबत मात्र मी जपानच्या बाजूने झुकतो.

माझी मोठी तक्रार अल्बममध्ये जे नाही त्याविषयी आहे. याच मुक्कामात ‘व्हेन अ ब्लाइंड मॅन क्राइज’ हे एक संथ, करुण गाणे मुद्रित झाले होते. गिलनच्या किंकाळ्यांमागे केवढा हळवा गळा आहे ते त्यात कळते. ते अल्बमबाहेर राहिले आणि ‘नेव्हर बिफोर’च्या सुट्या तबकडीच्या मागच्या बाजूला गेले. ब्लॅकमोरला ते पसंत नव्हते, असे सांगितले जाते. पहिल्या बाजूच्या शेवटी ‘नेव्हर बिफोर’च्या जागी ते असते, तर या अल्बमला दोष काढणे मला जड गेले असते.

मुखपृष्ठाविषयी एक गोष्ट सांगायला हवी. गटाचे आणि अल्बमचे नाव धातूच्या चकचकीत पत्र्यावर ठोकून उठवले आहे आणि त्या पत्र्यात पाच जणांची वेडीवाकडी प्रतिबिंबे पडली आहेत. मागच्या बाजूला बास गिटारचे डोके आहे, कारण ‘मशीन हेड’ म्हणजे तारा ताणण्याची खुंटी. आपल्याकडे अल्बमचे नाव ऐकून बरेच जण त्याचा अर्थ यंत्रमानवाचे डोके वगैरे लावतात. तंबोऱ्याच्या खुंट्या पिळणाऱ्यांच्या देशात तरी हा गैरसमज नसावा.

मार्च १९७२ मध्ये आलेला हा अल्बम इंग्लंडमध्ये पहिल्या क्रमांकावर आणि अमेरिकेत सातव्या क्रमांकावर गेला आणि आजवर त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. घेणाऱ्याचा गोंधळ होतो, म्हणून थोडे सांगतो. १९९७ मध्ये पंचविसाव्या वर्षानिमित्त निघालेल्या दोन सीडींच्या संचात मूळ गाण्यांबरोबर ग्लोव्हरने नव्याने मिश्रण केलेली, म्हणजे वेगवेगळ्या वाद्यांचे मुद्रण नव्या प्रमाणात एकत्र केलेली, रूपेही आहेत आणि ‘व्हेन अ ब्लाइंड मॅन क्राइज’ही आहे. मूळ तबकडीवर हळूहळू विरत जाणारी काही गाणी त्यात थोडी पुढेपर्यंत ऐकू येतात. अभ्यासू श्रोत्याने हा संच जरूर घ्यावा. २०२४ मधल्या मोठ्या संचाचे नवे मिश्रण ड्वीझिल झापा याने केले आहे. ज्याच्या मैफलीत कॅसिनो जळाला, त्या फ्रँक झापाचाच हा मुलगा. असा योग कोणी कथेत घातला असता तर आपण नाक मुरडले असते. या मिश्रणात वाद्ये सुटी सुटी, स्वच्छ ऐकू येतात. पण इथे मी जुन्या मताचा आहे. बर्चच्या मूळ मिश्रणात गिटार आणि ऑर्गन एकमेकांच्या आवाजात इतके मिसळलेले असतात, की कित्येकदा कोण वाजवतो आहे ते क्षणभर कळत नाही. मी ज्याला झटापट म्हणतो ती त्या घोळातच आहे, आणि वाद्ये दूर दूर बसवली की ती सौम्य होते. पहिल्यांदा ऐकणाऱ्याने मूळ मिश्रणच ऐकावे, तेही मोबाइलच्या स्पीकरवर नव्हे, कारण ग्लोव्हरचा बास तिथे पोचतच नाही.

वापरलेली तबकडी घेणार असाल, तर विक्रेत्याच्या देखत दुसऱ्या बाजूची बाहेरची कड उजेडात धरून पाहा. तिथे राखाडी पट्टा असेल तर किंमत कमी करून मागा. पहिली बाजू आणि ‘लेझी’ बहुधा नव्यासारखी मिळतील.